ढकलतंय कोण?

जूनपासून मंडळातले आम्ही पाच-सहा जण दर शनिवारी दुपारी खानापूर रस्त्यावरच्या एका गावात जातो आणि तिथल्या मराठी शाळेतल्या नववीच्या मुलांचा जादा तास घेतो. कुणी व्याकरण घेतं, कुणी निबंध, कुणी इंग्रजी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र, त्यामुळे विज्ञान माझ्या गळ्यात. संपादक म्हणाले, जे शिकवलंस तेच अंकासाठी लिहून दे. अडचण एवढीच आहे की त्यातला पहिला तास मी चुकीचा शिकवला होता. म्हणून तिथूनच सुरुवात करते. मंडळातल्या कवींनो, लगेच पान उलटू नका, यात भाषेचाही दोष आहे.

धडा होता बल आणि गतीचे नियम. उदाहरण कुणीही घेईल तेच मी घेतलं. बसमध्ये उभे आहात, ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, तुम्ही पुढे जाता. का? मीच उत्तर दिलं, "कारण ब्रेक लागला की गतीचा जोर आपल्याला पुढे ढकलतो." मुलांनी माना डोलावल्या, वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मात्र लिहिलं नाही. ती म्हणाली, "पण ताई, ढकलतंय कोण? मागं तर कोण नव्हतं."

मी म्हटलं, "कोण म्हणजे, गतीच की."

"गती काय माणूस आहे होय?"

वर्ग हसला, मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला. परत येताना बसमध्ये उभी होते. रेल्वे फाटकाजवळ ब्रेक लागला, मी दांडी घट्ट धरली आणि तेव्हा लक्षात आलं की माझा हात मला पुढे नाही, मागे खेचतोय. माझ्या अंगावर पुढच्या दिशेने काहीही काम करत नव्हतं. मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर साफ चूक.

असं का झालं याचा मी आठवडाभर विचार केला. नियम मला पाठ आहेत, गणितंही येतात. पण बोलायला लागलं की जिभेवर घरचे शब्द येतात, आणि घरच्या मराठीत 'जोर' हा फार मोठा संसार आहे. जोरात ढकल, जोरात पळ, जोरात ओरड, पाऊस जोरात आहे, गाडी काय जोरात गेली बघ. यातल्या पहिल्या वाक्यात बल आहे, दुसऱ्यात आणि शेवटच्यात चाल आहे, आणि ओरडण्यात तर आवाजाची पट्टी. एकच शब्द सगळीकडे चालतो आणि व्यवहारात काही बिघडत नाही. पण मनात कुठेतरी पक्कं बसतं की जे जोरात जातंय त्याच्यात जोर भरलेला आहे. जोर संपला की ते थांबणार. गाडी, चेंडू, माणूस, सगळं.

'चाल' आणि 'वेग' यांचीही तीच गत. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. विज्ञानात चाल म्हणजे किती वेळात किती अंतर कापलं एवढंच. वेगाला दिशाही लागते. बेळगाव ते खानापूर सुमारे २५ किलोमीटर. बस ५० मिनिटांत पोचली तर सरासरी चाल ताशी ३० किलोमीटर. तीच बस तितक्याच वेळात परत आली तर सरासरी चाल तेवढीच राहते, पण निघाली तिथेच पोचल्यामुळे विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. ड्रायव्हरला हे ऐकवून बघा, काय म्हणतो ते. हा फरक परीक्षेपुरता वाटतो, पण पुढे एका वळणावर तो लागणार आहे.

पुढच्या शनिवारी मी आधी वहीतलं ते वाक्य सगळ्यांना खोडायला लावलं. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं" हे म्हणायला मला जड गेलं. मुलांना मात्र त्याचा फारच आनंद झाला. मग शाळेतला कॅरम बोर्ड मागून घेतला.

प्रयोग साधा. पावडर पुसलेल्या बोर्डावर स्ट्रायकरला टिचकी मारायची. समोरच्या कडेपर्यंत कसाबसा जातो. मग पावडर टाकायची आणि शक्य तितकी तशीच टिचकी मारायची. आता तो समोर आपटून परत येतो, पुन्हा जातो. तिसऱ्यांदा तोच स्ट्रायकर व्हरांड्याच्या खडबडीत फरशीवर, तिथे वीतभर सरकून थांबला. मी विचारलं, "टिचकी तीच. मग जोर कशात जास्त होता?" एक मुलगा म्हणाला, "जोर तेवढाच. पावडरीनं अडवणूक कमी झाली." हेच मला हवं होतं. स्ट्रायकर बोटापासून सुटला त्या क्षणी बोटाचं बल संपलं. बोट काही त्याच्यासोबत धावत नाही. त्यानंतर आडव्या दिशेने त्याच्यावर एकच मोठं बल उरतं, घर्षण, आणि ते उलट दिशेने असतं. म्हणजे स्ट्रायकर थांबतो तो जोर संपला म्हणून नव्हे. त्याला थांबवलं जातं.

"आणि अडवणूक अजिबातच नसली तर?" मी विचारलं.

जरा वेळ शांतता. मग मागून, "थांबणारच नाही की."

हे शब्द एका नववीतल्या पोराच्या तोंडून सहज निघाले, पण माणसाला तिथवर पोचायला दोन हजार वर्षं लागली. अॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की हलणाऱ्या वस्तूला हलवत ठेवणारं काहीतरी सतत लागतं. मग धनुष्यातून सुटलेल्या बाणाला कोण ढकलतं? हवा, असं त्याचं उत्तर. चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या ज्याँ ब्युरिदाँने ते नाकारलं. त्याच्या मते फेकणारा माणूस वस्तूत एक प्रकारचा जोर भरतो आणि तो जोर तिला पुढे नेतो. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. माझं 'गतीचा जोर' हे उत्तर अगदीच गावठी नव्हतं, फक्त सहा-सातशे वर्षं जुनं होतं. पुढे गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. चढ कमी केला की तीच उंची गाठायला लांबवर जातो. मग समोर चढच नसेल, सपाट असेल आणि घर्षण नसेल, तर तो कुठे थांबणार? न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हेच पहिला नियम म्हणून मांडलं. बाहेरून बल लागलं नाही तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चाललेली वस्तू त्याच चालीने सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. जडत्व हे बल नाही, ते काही ढकलत नाही. आहे तसं राहण्याचा तो हट्ट आहे, इतकंच.

१९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जातंय आणि त्याला पुढे ढकलणारं कुठलंही इंजिन चालू नाही. त्याचे छोटे झोत अधूनमधून उडतात ते अँटेना पृथ्वीकडे वळवून ठेवण्यासाठी. सूर्याची ओढ त्याला किंचित मागे खेचते, तेवढीच काय ती अडवणूक.

इथवर आलो आणि पहिल्या बाकावरच्या एकाने मला अडवलं. त्याचे मामा कॅसलरॉकला असतात. "मग ताई, घाटात मालगाडीला मागनं इंजिनं कशाला लावतात? एकदा चालू केली की जाऊ दे की आपली आपण."

प्रश्न असा हवा! कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट, दूधसागरवरून जाणारा. त्याचा चढ ३७ ला १, म्हणजे रुळावर ३७ मीटर गेलं की १ मीटर उंची. अशा चढावर गाडीच्या वजनाचा ३७ वा भाग तिला रुळावरून खाली ओढत असतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण गाडी १,००० टनांची धरा, तर ही ओढ २७ टन वजनाएवढी झाली. त्यात चाकांचं घर्षण आणि हवा. गोव्याकडून वर येताना इंजिनांना एवढं बल सतत लावावं लागतं ते गाडीला गती देण्यासाठी नव्हे, तर ही उलटी ओढ फेडण्यासाठी. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की निव्वळ बल शून्य, आणि गाडी एकाच चालीने चढत राहते. यालाच संतुलित बलं म्हणतात. संतुलित म्हटलं की थांबलेली वस्तू डोळ्यासमोर येते, पण धडधडत घाट चढणारी मालगाडीसुद्धा संतुलित असू शकते. मामांकडे गेलास की मागच्या इंजिनाला बँकर म्हणतात हे त्यांना सांग, असं मी म्हटलं. त्याला ते आधीच माहीत होतं.

आता परत बसमध्ये येऊ. बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर चालीने जातेय. मीही जातेय तशीच. रस्त्यावरून बघणाऱ्याला मी आणि बस दोघीही १० मीटरने पळतोय. ब्रेक लागतो तो बसच्या चाकांना, मला नाही. बस मंदावते. तिच्या फळीला टेकलेले माझे पाय घर्षणामुळे तिच्यासोबत मंदावतात, पण धडाला अजून कुणी काही सांगितलेलं नसतं. ते १० मीटरने जातच राहतं. पाय मागे राहिले, धड पुढे गेलं, म्हणून तोल गेला. पुढे कुणी ढकललं नाही, माझ्या पायाखालची बस मागे राहिली.

आणि मला बससोबत थांबायचं असेल तर? तर माझ्यावर मागच्या दिशेने बल लागायला हवं. किती, ते दुसरा नियम सांगतो: वस्तुमान गुणिले त्वरण. बस अडीच सेकंदांत थांबली तर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग उतरला. माझं वजन ५० किलो. ५० गुणिले ४ म्हणजे २०० न्यूटन. १ किलोची वस्तू हातात धरायला साधारण १० न्यूटन लागतात, तेव्हा हे बल २० किलोची पिशवी उचलून धरण्याएवढं झालं. ते पायाचं घर्षण आणि दांडीवरचा हात मिळून देतात. म्हणूनच हाताला मागे खेचल्यासारखं होतं.

तिसऱ्या नियमावर फार बोलले नाही. मी दांडीला पुढे ओढते तेवढंच दांडी मला मागे ओढते, ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात म्हणून एकमेकांना खात नाहीत. एवढं समजलं तरी नववीला पुरे.

तास संपला. मुलं गेली. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी दप्तर भरत रेंगाळत होती. मग म्हणाली, "ताई, ब्रेकचं कळलं. वळणाचं सांगा की."

तिचा भाऊ पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बेळगावला. सकाळी गावातून एकच बस सोयीची, आणि ती इथे येईपर्यंत भरलेली असते. तो दारात, पायरीवर लोंबकळत जातो. घरी विषय निघाला की म्हणतो, ब्रेक लागला तर मी पुढं, बसच्या अंगावर आदळणार, बाहेर कसा पडेन? पहिल्या तासाला तिने मला विचारलं होतं ते त्यासाठी. ढकलणारा कोण आणि कुठल्या दिशेला, हे तिला खरोखरच हवं होतं. आणि मी तिला हसण्यावारी नेलं होतं.

तिसरा शनिवार म्हणून वळणाला दिला. एका मुलाने घरून मोडक्या चाळणीचं कडं आणलं, जाळी निघालेलं आणि एका ठिकाणी तुटलेलं. ते फरशीवर ठेवून आतल्या बाजूने गोटी सोडायची. गोटी कडेकडेने गोल फिरते आणि तुटलेल्या जागेपाशी बाहेर पडते. बाहेर पडल्यावर कुठे जाईल? फळ्यावर मतं घेतली. निम्मे म्हणाले, गोलच फिरत राहील. बाकीचे म्हणाले, मधल्या बिंदूपासून सरळ बाहेर उडेल. दोघेही हरले. गोटी त्या क्षणी जिकडे तोंड करून चालली होती तिकडेच सरळ गेली. दहादा करून पाहिलं, दहादा तेच.

चाल न बदलता फक्त दिशा बदलली तरी वेग बदलतो, हे आधी म्हटलं ते इथे लागतं. वेग बदलायचा तर बल हवंच. चाळणीचं कडं गोटीला सतत आतल्या बाजूला दाबत होतं, म्हणून ती वळत होती. कडं संपलं, दाब संपला, गोटी सरळ.

आपल्याकडे बसचं दार डाव्या अंगाला. बस उजवीकडे वळते तेव्हा दारातल्या मुलाला कुणीच बाहेर ढकलत नाही. त्याचं अंग सरळच जात असतं, बसच त्याच्या अंगाखालून उजवीकडे निघून जाते. त्याला बससोबत ठेवणारं कडं म्हणजे त्याचे दोन हात, किंवा एका हातात मोबाईल असला तर एकच. ओल्या पायरीचं घर्षण भरवशाचं नाही. डाव्या वळणावर उलट होतं, बस त्याच्या अंगावर येते आणि तो आत दाबला जातो. "तेच तर तो सांगतोय," ती म्हणाली, "वळणावर काय होत नाही म्हणून. ते डावं असणार."

गावाबाहेर ओढ्याजवळ उजवं वळण आहे. मुलांनी ते मोजायचं ठरवलं. रस्त्यावर नाही, वळणाच्या आतल्या बाजूच्या शेतातून, शेतमालकाला विचारून. वळणाच्या दोन टोकांमध्ये सरळ दोरी धरली, ६० मीटर भरली. दोरीच्या मध्यापासून रस्त्याचा फुगवटा १० मीटर. बाकी पायथागोरस: त्रिज्येचा वर्ग बरोबर ३० चा वर्ग अधिक त्रिज्या वजा १० चा वर्ग. सोडवा, ५० मीटर येते. भूमितीचा उपयोग काय, असं विचारणारा मुलगा दोरीचं एक टोक धरून उभा होता.

वळताना लागणारं त्वरण म्हणजे चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. हे सूत्र नववीला नाही, मी ते तसंच दिलं. बस ताशी ३६ ने वळली तर १०० भागिले ५०, म्हणजे २. भाऊ ५० किलोचा धरला तर १०० न्यूटन, १० किलोची पिशवी एका हातात धरण्याएवढं. जमतं. उशीर झालेल्या दिवशी बस ताशी ५४ ने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने वळली, तर २२५ भागिले ५०, साडेचार. बल २२५ न्यूटन, साडेबावीस किलो. चाल दीडपट झाली, पण बल सव्वादोनपट. आणि ते चारेक सेकंद धरून ठेवायचं. यात पाठीवरचं दप्तर धरलेलं नाही. मुख्य म्हणजे आत उभी असलेली माणसंही सरळच चाललेली असतात, आणि सरळ म्हणजे दाराच्या दिशेने. त्यांना कुणी धरलं नाही तर त्यांचाही भार दारातल्या मुलावर येतो. आणखी दोन माणसं त्याच्यावर रेलली तर साडेबावीसचे साडेसदुसष्ट.

मुलीने हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून नेलं. मला वाटलं, भावाला वाचून दाखवेल. तिने तसं केलं नाही. पुढच्या शनिवारी तिने सांगितलं की घरच्या ज्वारीची पिशवी तिने दुकानाच्या काट्यावर साडेबावीस किलो करून आणली आणि भावाला म्हणाली, एका हातानं उचल, चार आकडे मोजते. त्याने उचलली. दुसऱ्यांदाही उचलली. मग तिने दारामागचं ५० किलोचं तांदळाचं पोतं दाखवलं आणि म्हणाली, आता हे, आणि यावर अजून साडेसतरा.

"मग काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, बस एकच आहे, मी काय करू? पण आता आतली उभी दांडी मिळाली तरच चढतोय. परवा नाही मिळाली तर चढला नाही. पहिला तास बुडाला त्याचा."